वर्गातले ग्रंथालय आणि घरातले सामान
(विहाराच्या वर्धापनदिनी ग्रंथालय गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला निरोप दिला की, वस्तीच्या शाळेत तुम्ही वर्गावर्गात जे ग्रंथालय लावले त्याबद्दल चार शब्द बोला. आमच्यात भाषण करणारे कोणी नाही. दोन शिवणकाम करणाऱ्या ताई, सुतारकामातून निवृत्त झालेले एक काका, बी.एड. करणारा एक मुलगा, आणि बाकी आम्ही रविवारी रिकामे असणारे लोक. तेव्हा हे भाषण नाही, हिशोब आहे. कुठे किती लागले, काय फुकट मिळाले आणि कुठे आम्ही फसलो, तेवढे सांगतो.

फसलो ते आधी सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही वर्गणी काढली आणि सगळ्या पैशाचे एक लोखंडी कपाट घेतले. काचेच्या दाराचे. दारावर देणगीदारांची नावे रंगाने लिहिली. पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली, फोटो काढला, आणि किल्ली सुरक्षित राहावी म्हणून आमच्यापैकी एकाच्या घरी ठेवली. तो माणूस कामावर जायचा सकाळी आठला. शाळा भरायची अकराला. आता सांगा, पुस्तक कोणी काढायचे? पहिलीची लेकरे काचेला नाक लावून आतली चित्रे बघत. पावसाळ्यानंतर कपाट उघडले तर भिंतीकडच्या बाजूने, खालच्या पत्र्याच्या फटीतून उधई आत गेलेली. खालचा अख्खा कप्पा मातीचा झाला होता. वरच्या कप्प्यांतली पुस्तके कोरी होती, इतकी कोरी की दोन पाने एकमेकांना चिकटून राहिली होती. त्या दिवशी आम्ही कोणीच एकमेकांशी फार बोललो नाही.

त्याच शाळेत आणखी एक पेटी होती. पत्र्याची, निळा रंग दिलेली, खडू-फळा मोहिमेतली. ती मोहीम १९८७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून देशभरच्या प्राथमिक शाळांना साहित्य मिळाले, त्यात गोष्टीची पुस्तकेही होती. आमच्या शाळेतली पेटी कुलूपबंद होती. बाईंना विचारले की, मुलांना का देत नाही? बाई वाईट नाहीत हो. उलट जीव लावून शिकवतात. त्या म्हणाल्या, "यादीत एक पुस्तक कमी भरलं तर उत्तर मला द्यावं लागतं. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मला आजवर कोणी विचारलं नाही."

यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे पुस्तक नाही म्हणून मूल वाचत नाही हे खरे, पण अर्धेच. पुस्तक आहे आणि हरवण्याच्या भीतीने ते कुलपात आहे, असेही असते. ही भीती फक्त शिक्षकाची नसते. चौथीतल्या एका मुलीला आम्ही पुस्तक घरी न्यायला दिले तर ती हात मागे घेऊन म्हणाली, "नको बाई, फाटलं त माहा बाप मारन मले." म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळे एकमेकांना भिऊन, आणि पुस्तक तेवढे सुरक्षित!

आमच्या बी.एड.वाल्या मुलाने मग एक गोष्ट शोधून आणली. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यात ग्रंथालयासाठी सांगितले आहे की, वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गेली तर ती रास्त समजावी, अट एवढीच की त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एक हजार रुपयांवरच्या किमतीचे किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी होते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, आपल्या नगर परिषदेच्या शाळेला तो थेट लागत नाही, हे आम्ही मुख्याध्यापकांनाही सांगितले. पण पुस्तक वापरले की थोडे हरवणारच, हे खुद्द सरकार कागदावर मान्य करते, एवढे वाचून बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग ठरले असे की, सरकारी पेटीतल्या पुस्तकांना शाळेची नोंदवही राहील आणि वस्तीने दिलेल्या पुस्तकांना आमची वेगळी. आमच्या वहीतले पुस्तक गेले तर उत्तर आमच्या गटाने द्यायचे, बाईंनी नाही. दोनशे पानी लांब रजिस्टर घेतले. सगळ्या कामात आम्ही दुकानातून कोरी करकरीत घेतलेली मोठी वस्तू ती एवढीच.

आपण बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाबद्दल नेहमी ऐकतो. दादरचे राजगृह त्यांनी पुस्तकांना जागा व्हावी म्हणून बांधले, हे इथल्या लेकरांनाही पाठ आहे. पण एक प्रसंग आपण कमी सांगतो. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. पहिल्या महायुद्धाचे दिवस, ती बोट पाणबुडीने बुडवली. न्यूयॉर्कला आणि लंडनला पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाई म्हणून जे सहाशे रुपये मिळाले, ते बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासखर्चाला कामी आले. यानंतर ज्यांनी पुन्हा एकेक करून हजारो ग्रंथ जमवले, त्यांच्या वस्तीत दहा-बारा पुस्तके हरवण्याची भीती किती धरायची, असा आम्ही आपला हिशोब मांडला.

आता सामानाकडे येतो. बाजारातून शाळेच्या ग्रंथालयाचे सामान घ्यायचे म्हटले तर रॅक, पुस्तक उभे धरणारे लोखंडी टेकू, छापील कार्डे, लेबले, प्लास्टिकची आवरणे, सगळे मिळते. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून सरकारी शाळेला दरवर्षी ग्रंथालय अनुदान आहे, शाळेच्या स्तराप्रमाणे पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत. पण ते पुस्तकांसाठी आहे आणि पुस्तकांवरच खर्च व्हावे, असे आमचे मत. मांडणीचे सामान वस्तीतून निघते. थोडे शोधावे लागते, एवढेच.

कपाटाच्या जागी आम्ही संत्र्याच्या पेट्या आणल्या. आर्वी, आष्टी, कारंजा भागातला माल फळबाजारात उतरतो, त्यातल्या लाकडी पेट्या मोडक्या झाल्या की व्यापारी जळणाच्या भावात देतात. हल्ली लाकडी पेट्या कमी झाल्या, प्लास्टिकचे कॅरेट आले. तडा गेलेले कॅरेट भंगारवाल्याकडे मिळते. आम्ही दोन्ही वापरून पाहिले. कॅरेट हलके, धुता येते, उधईला त्यात खायला काही नाही. पण त्याच्या जाळीतून लहान पुस्तके खाली निसटतात, म्हणून तळाला पुठ्ठा घालावा लागतो. लाकडी पेटी दिसायला सुंदर, मात्र काकांनी प्रत्येक खिळा ठोकून वाकवला आणि पॉलिश पेपरने फळ्या घासल्या, तेव्हा कुठे ती मुलांच्या हातात देण्याजोगी झाली. घाईने तसेच करू नका. आमच्या एका पोराच्या तळहाताला कुसळ गेले होते, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले.

पेटी जमिनीवर ठेवायची नाही. खाली चार विटा, आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडायची. उधई भिंतीतून आणि जमिनीतून मातीची नळी करून येते. मध्ये जागा असली की ती नळी दिसते आणि झाडूने मोडता येते. काचेच्या कपाटाने आम्हाला शिकवलेला हा धडा फारच महाग पडला. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या पेटीत ठेवतो, कसरीला थोडा आळा बसतो. उधईवर पाल्याचा भरवसा धरू नका. डांबरगोळ्या लहान मुलांच्या वर्गात अजिबात नकोत, ती गोळी पांढरी असते आणि पेपरमिंटसारखी दिसते.

पहिली-दुसरीच्या वर्गात पेट्याही नाहीत. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आहे, मुलाच्या छातीच्या उंचीवर, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तके टांगली आहेत. ज्याला अक्षर येत नाही त्याला पुस्तकाचा कणा दाखवून काय उपयोग? त्याला मुखपृष्ठावरचा हत्ती दिसला पाहिजे. सुतळी ताण खाऊन सैल होते, नायलॉनची दोरी घ्यावी. जाड पुस्तकाला चिमटा पुरत नाही. त्यासाठी शिवणाऱ्या ताईंनी मांजरपाटाचा कप्पेदार पडदा शिवला. एका पडद्याला वीस कप्पे, वरच्या नेफ्यात बांबू. नंतर मांजरपाटही विकत घेतला नाही, जुन्या सुती साड्या दुहेरी करून शिवल्या. सिंथेटिक साडी नको, ती सुळसुळीत असते आणि कप्पा ओघळतो.

फ्लेक्सबद्दल विचारतात म्हणून सांगतो. कार्यक्रम झाला की फ्लेक्स पडून असतात, ते पेट्यांखाली अंथरायला आणि ओल्या भिंतीवर लावायला चांगले. पुस्तकांची आवरणे मात्र त्यांची करू नका, फार जड होतात. तथागतांचे किंवा बाबासाहेबांचे चित्र असलेल्या फ्लेक्सला आम्ही कात्री लावली नाही. ते विहाराच्या माळ्यावर गुंडाळून ठेवले आहेत. त्यांचे काय करावे हे समितीने ठरवावे.

सगळ्यात जास्त चुकलो आम्ही रंगीत खुणांमध्ये. मुलाला पुस्तक सापडावे आणि परत त्याच पेटीत ठेवता यावे, यासाठी रंग पाहिजे. मोठ्या ग्रंथालयांची दशांश पद्धत डेव्ही यांनी १८७६ मध्ये काढली, आपले रंगनाथन यांनी १९३३ मध्ये वेगळी पद्धत दिली. दोन्ही थोरच, पण तिसरीच्या पोराला आकड्यांची ती माळ वाचता येत नाही. आम्ही प्रथम टिकल्यांची पाकिटे आणली. स्वस्त, रंगीत, डिंक लावलेली. महिनाभरात टिकल्या पुस्तकांवरून गेल्या आणि मुलींच्या कपाळावर दिसू लागल्या! मग वायरमनची रंगीत टेप आणली. ती छान बसली, पण आपला वर्ध्याचा उन्हाळा ठाऊक आहे ना? मे महिन्यात टेपचा डिंक पाझरला आणि दहा पुस्तके एकमेकांना चिकटून वीट झाली.

शेवटी उपाय ताईंच्या मशीनखाली सापडला. शिवणकामाच्या कतरणी. सुती कापडाची दोन बोटे रुंद पट्टी पुस्तकाच्या कण्यावर खळीने डकवायची. रंगाची खूण झाली आणि कणाही मजबूत झाला, एका कामात दोन. रंग पाच घेतले, पंचशील ध्वजाचे, कारण ते लेकरांना न शिकवता येतात. निळा म्हणजे चित्रांची पुस्तके, पिवळा म्हणजे गोष्टी, लाल चरित्रे, केशरी विज्ञान आणि निसर्ग, पांढरा कविता व नाटके. पांढरा महिनाभरात मळला आणि केशरीत मिसळू लागला, हे आधी कळायला हवे होते. आता कवितेची पुस्तके पांढऱ्यावर काळ्या दोऱ्याची एक शिवण घालून वेगळी केली आहेत.

खळ कशी करायची हे बऱ्याच जणी विचारतात. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवायचा, मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाली की उतरवायची. बांधणी करणारे कारागीर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, त्याने कसर आणि बुरशी लागत नाही. मोरचूद विष आहे. म्हणून आमचा खळीचा डबा वेगळा, तेलाच्या डब्याचा कापलेला तुकडा, तो स्वयंपाकघरात जात नाही. ही खळ मोठी माणसेच करतात, मुलांच्या हाती ती देत नाही. सेलोटेप मात्र पुस्तकाला कधी लावू नये. दोन वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते, आणि तिच्याखालच्या कागदावरचा डाग कायमचा राहतो.

पातळ पुस्तकांना पिना असतात. त्या पावसाळ्यात गंजतात आणि मधले पान सुटते. म्हणून नवे पुस्तक आले की आधी पिना काढायच्या, दाभणाने तीन भोके पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे. मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि गाठ. पाचवी-सहावीची मुले हे काम आता आमच्यापेक्षा नीट करतात. याच वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला गेला. त्या विचाराच्या प्रवर्तकांशी आपले मतभेद आहेत, ते राहणारच. पण ज्या मुलाने पुस्तक शिवले तो ते फाडत नाही, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता लग्नपत्रिका. आपल्या प्रत्येक घरात दिवाणाखाली पन्नासेक तरी निघतात. आम्ही वस्तीतून दोन पोती गोळा केली. आतला साधा जाड कागद कापला की पुस्तकाचे कार्ड होते, आणि पत्रिकेचे पाकीट अर्धे कापून मागच्या पुठ्ठ्याला आतून डकवले की कार्डाचा खिसा होतो. पुस्तक नेताना मुलाने कार्डावर नाव लिहून ते वर्गातल्या डब्यात टाकायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी जाड पत्रिकेच्या लांब पट्ट्या केल्या, प्रत्येकावर मुलाने स्वतः काढलेले चित्र. कोणाचा पतंग, कोणाची बकरी. पुस्तक उचलले की त्या जागी आपली पट्टी अडकवायची. म्हणजे दोरीवर बकरी लटकत असली की पुस्तक कोणाकडे आहे ते सगळ्या वर्गाला कळते. बाईंना वहीत शोधावे लागत नाही.

एका वर्गाची पुस्तके वाचून झाली की पेटी उचलून पुढच्या वर्गात जाते. ही युक्ती आमची नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, ज्यांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवले त्यांनीच, १९१० पासून आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले. तिथून लाकडी पेट्यांमध्ये पुस्तके भरून गावोगाव फिरत. शंभर वर्षांपूर्वी जे संस्थानाला परवडले, ते आपल्या पाच वर्गांना संत्र्याच्या पेटीत परवडते.

पुस्तकांविषयी थोडक्यात सांगतो, तो आजचा विषय नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाता तेव्हा पुस्तकांच्या दुकानांवर मोठ्यांसोबत एक पुस्तक मुलांचे घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, जुने अंक रद्दीत सापडले तर रद्दीवाल्याला दोन रुपये जास्त द्या पण सोडू नका.

पहिल्या वर्षाचा हिशोब असा. आमच्या वहीत पुस्तके होती दोनशे अकरा. परत आली नाहीत नऊ. दोन फाटून बाद केली, तीही वहीत लिहिली, लाल शाईने, कारणासह. नऊपैकी एका पुस्तकाची गोष्ट सांगतो. दिवाळीनंतर एक कुटुंब वीटभट्टीवर गेले, मुलगी सोबत गेली, पुस्तकही गेले. आम्ही वहीत 'गहाळ' लिहिले. होळीच्या आठवड्यात ती परत आली आणि पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवले, धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वरून रबर लावून. भट्टीवरच्या आणखी चार मुलांनी ते वाचले होते. त्यांची नावे तिने कार्डावर लिहून आणली, आपल्या नावाखाली, क्रमाने. वहीतला 'गहाळ' शब्द आम्ही खोडला. म्हणून नऊचे आठ झाले.

दोन गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. सातवीची मोठी मुले पेटीजवळ फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पुस्तके पाहिजेत की वेगळी वेळ, ते आम्हाला उमगलेले नाही. आणि ते काचेचे कपाट अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे आहे. त्याचे दार काढून फळ्या वापराव्यात असे काकांचे म्हणणे आहे, पण दारावर देणगीदारांची नावे आहेत. ते देणगीदार आज इथे बसलेले आहेत. त्यांनी परवानगी द्यावी, ही जाहीर विनंती. नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवू.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर मागच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. साठ नवी पुस्तके आली आहेत, पिना काढायच्या आहेत. येताना जुनी सुती साडी, लग्नपत्रिका आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी दाभण आणावे. मैदा आम्ही आणतो.

जयभीम.